मागच्या हंगामाची यादी

द्राक्षाची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) झाली की आमच्या ऑफिसातला फोन थांबत नाही. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यातदाराकडे मी सात वर्षं कॉम्प्युटरचं काम बघते. फोनवरचा प्रश्न बहुतेक एकाच जातीचा असतो: "ताई, भुरी (पांढरी बुरशी) दिसतेय. हे औषध आता मारलं तर चालेल का? काढणीला चाळीस दिवस राहिलेत."

याचं उत्तर अंदाजाने देता येत नाही. औषध मारल्यावर काढणीपर्यंत ठरावीक दिवस जावे लागतात, नाहीतर त्याचे अंश फळात राहतात. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले आणि माल अडकला. तिथली मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलीग्रॅम. आमच्या अप्पांच्या प्लॉटची द्राक्षंही त्याच हंगामात गेली होती. त्या वर्षी घरात काय वातावरण होतं, ते मला अजून आठवतं.

म्हणून साहेब जेव्हा म्हणाले, "शेतकऱ्यांना उत्तरं द्यायला एआय लावू या," तेव्हा मी आधी नुसत्या एआय मॉडेललाच असे दहा प्रश्न विचारले. उत्तरं स्वच्छ मराठीत, ठाम आली. त्यातल्या चार उत्तरांतले दिवसांचे आकडे औषधांच्या कुठल्याच यादीत नव्हते.

मग आम्ही रॅगकडे वळलो, म्हणजे रिट्रीव्हल ऑगमेंटेड जनरेशन. हे नाव फेसबुकच्या संशोधकांच्या २०२० सालच्या निबंधातून रूढ झालं. प्रश्न आला की आधी आपल्याच कागदांतून त्याच्याशी जुळणारे उतारे शोधायचे, ते मॉडेलपुढे ठेवायचे आणि सांगायचं, उत्तर एवढ्यातूनच दे. आमचे कागद म्हणजे अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) सूचना, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी आणि आमच्या कृषितज्ज्ञांची टिपणं.

पहिल्या आठवड्यातच चूक झाली. औषधांची यादी तक्त्यात असते: नाव, मात्रा, काढणीआधी किती दिवस थांबायचं. आम्ही पीडीएफचे सरसकट पाचशे-पाचशे शब्दांचे तुकडे पाडले होते. तक्त्याचं डोकं एका तुकड्यात राहिलं आणि ओळी दुसऱ्यात गेल्या. मॉडेलला नुसता '३०' दिसला. त्याने मात्रेचा आकडा दिवस म्हणून सांगितला. कृषितज्ज्ञांनी चाचणीत ते पकडलं, म्हणून निभावलं. आता प्रत्येक ओळ स्वतंत्र ठेवतो आणि तिच्यात रकान्यांची नावं पुन्हा लिहितो. काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

दुसरी अडचण आमच्या बोलण्यातली. शेतकरी 'लिहोसिन' म्हणतो, कागदावर 'क्लोरमेक्वाट क्लोराईड' असतं. अर्थावरून शोधणाऱ्या यंत्रणेला ही जोडी दर वेळी सापडत नाही. औषध दुकानदारांसोबत बसून मी व्यापारी नाव आणि मूळ घटक यांची वही तयार केली, आणि अर्थाच्या शोधाबरोबर साधा शब्दशोधही ठेवला. जुनी टिपणं श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली, कॉपी केली की नुसती चिन्हं यायची. ती युनिकोडमध्ये आणण्यात दिवाळी गेली.

आणि जुनी यादी! दोन हंगामांच्या याद्या एकाच ठिकाणी असल्या की मॉडेल कुठलीही उचलतं, दोन्ही त्याला सारख्याच खऱ्या. प्रत्येक कागदाला हंगाम लावला. चालू हंगाम सोडून बाकी सगळं शोधाबाहेर काढलं. माझ्या मते एआय घेऊ पाहणाऱ्या धंद्याने मॉडेल निवडण्याआधी हेच करावं: कुठला कागद आज लागू आहे, हे ठरवणारा एक माणूस नेमावा. आमच्याकडे ते काम कृषितज्ज्ञ मॅडमचं. त्यांच्या सहीशिवाय मी एकही फाइल चढवत नाही.

फील्डवरच्या मुलांच्या वह्यांतून १२० खरे प्रश्न काढले, मॅडमनी उत्तरं लिहून दिली. काहीही बदललं की सगळे पुन्हा चालवून बघते. प्रत्येक उत्तराखाली मूळ पानाचा फोटो जातो. यादीत औषध नसेल तर यंत्रणा तसं स्पष्ट सांगते आणि फोन मॅडमकडे वळवते.

परवा अप्पांनी घरून विचारून पाहिलं. उत्तर वाचलं, मग फोटो मोठा करून चष्म्यातून ओळ तपासली आणि पंपाकडे गेले.