डोळ्यातलं कुसळ

"बाय, आरशात बघितलं तर डोळ्यात कुसळ दिसतंय. पांढरं." म्हापशाच्या ओपीडीत पेडण्याचे आजोबा समोर बसत म्हणाले.

स्लिट लॅम्पमधून पाहिलं आणि पोटात गोळाच आला. कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या, मागच्या पाण्यात, तळाशी, सहा मिलिमीटरची काडी आडवी पडली होती. तीन आठवड्यांपूर्वी मीच ती डोळ्याच्या मागच्या पोकळीत सोडली होती.

आजोबा जत्रेतल्या नाटकांचे प्रॉम्प्टर. डोळ्यातली शीर तुंबून दृष्टिपटलाला सूज आली आणि संहितेची अक्षरं वाकडी दिसू लागली. दर महिन्याला डोळ्यात घ्यायच्या सुईसाठी दोन बस बदलायच्या, मुलाने रजा काढायची. म्हणून मी डेक्सामेथासोनची, म्हणजे सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडची, काडी सुचवली. औषध ०.७ मिलिग्रॅम, तेही विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये कालवलेलं. पॉलिमर पाण्याने हळूहळू झिजतो, तसतसं औषध काही महिने झिरपत राहतं. शेवटी लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल उरतं, तेही शरीर जिरवतं. काढायला काहीच उरत नाही, याचं मला फार अप्रूप होतं.

पण काडी मागे राहते ती भिंगामागच्या पातळ पडद्यामुळे. आजोबांचा मोतीबिंदू कुठल्याशा शिबिरात काढलेला, कागद हरवलेले. कृत्रिम भिंग जागेवर दिसलं, बाहुली नीट फुलली नव्हती म्हणून त्यामागचं पूर्ण दिसलं नाही, तरी मी पुढे गेले. भिंगामागचा तो पडदा फाटलेला होता. त्यात विंगेत तासन्‌तास संहितेवर ओणवं बसणं. काडी कडेने पुढे सरकली.

कॉर्निया खालून धुरकट होऊ लागला होता, त्यामुळे उताणं झोपवून काडी मागे जायची वाट बघण्यात अर्थ नव्हता. त्याच दुपारी ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलं. चिमट्यात धरताच काडीचे दोन तुकडे झाले. तीन आठवड्यांत ती भिजलेल्या खडूसारखी झाली होती. मग चिमटा ठेवला, चिकट जेल भरून दोन्ही तुकडे छेदाकडे ढकलत आणले. दुसरा बाहेर येईपर्यंत मी श्वास रोखून होते.

चूक माझी होती, हे मी त्यांना आणि मुलाला तिथेच सांगितलं. आता सुई हातात घेण्याआधी जुन्या ऑपरेशनचा कागद मागते. नसेल तर बाहुली पूर्ण फुलल्याशिवाय काडीचं नाव काढत नाही.

महिन्याभराने कॉर्निया निवळला. आजोबांनी विचारलं, "परत घालणार ती?"

"या डोळ्यात नाही, आजोबा."

"मग सुईच द्या. पण तारीख जत्रेच्या आधीची."