वणेची माती आणि कोरिंगाची जहाजं

हिंगणघाटजवळच्या आमच्या गावाशेजारून वणा वाहते. जुलैत शेताचा बांध फुटला की आबाजी धुऱ्यावर उभे राहून म्हणायचे, "गेली माती समुद्रात." लहानपणी मला समुद्र म्हणजे मुंबईच वाटायची. आमची माती पूर्वेला जाते हे फार उशिरा कळलं. वणा वर्धेला मिळते, वर्धा चपराळ्याजवळ वैनगंगेला, तिथून दोघींची मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी ती गोदावरीत शिरते. गेल्या हिवाळ्यात काकिनाड्याजवळ मी या वाटेचा शेवट पाहिला होता. मधला टप्पा राहिला होता, म्हणून एप्रिलमध्ये सिरोंच्याला निघाले.

आलापल्लीपर्यंत एसटी बरी चालली. पुढचे शंभरेक किलोमीटर सागाच्या जंगलातून, खड्डे चुकवत. पानगळ होऊन गेलेली, रस्त्याकडेला मोहाची फुलं वेचणाऱ्या बाया. सिरोंच्यात पाट्या मराठीत आणि बाजारातलं बोलणं निम्मं तेलुगूत. रात्री मुक्काम केला आणि पहाटेच नदीवर गेले.

संगमावर एका ढिवर काकांनी डोंग्यात बसवलं. समोर तेलंगणातलं कालेश्वर. तिथल्या मंदिरात एकाच पिंडीवर दोन लिंगं आहेत, एक यमाचं आणि एक शिवाचं. गोदावरी नाव मोठं, पण तिच्या खोऱ्याचा सुमारे ३४ टक्के भाग एकट्या प्राणहितेचा आहे. सगळं पूर्व विदर्भ इथं पाणी आणून ओततं.

"पाणी आता थोडंच हाय, ताई," काका म्हणाले. "रेती दरसाली जागा बदलते. मागच्या साली जिथून डोंगा काढला, तिथं आता गुडघाभर पाणी नाही."

ते ऐकताना मला काकिनाड्याजवळचं कोरिंगा आठवलं. नदी समुद्राला भेटते तिथं तिचा वेग मरतो आणि वाहून आणलेला गाळ खाली बसतो. त्याचे वाळूचे दांडे होतात, तेही दर मोसमात सरकतात. काल खोल असलेली वाट आज उथळ निघते आणि भरलेलं गलबत रुतून बसतं. गोदावरीच्या मुखाशी गेल्या दोनेकशे वर्षांत अशा गाळाचं १६-१७ किलोमीटर लांबीचं होप बेट तयार झालंय. कोरिंगा हे तिथलं जहाजं बांधण्याचं आणि दुरुस्त करण्याचं मोठं बंदर होतं. डिसेंबर १७८९ मध्ये तिथं वादळ आलं, पाठोपाठ समुद्राच्या तीन लाटा आल्या. पहिल्याच लाटेनं नांगरलेली जहाजं उचलून किनाऱ्यावर फेकली, पुढच्या लाटांनी गाव बुडवलं. उथळ उपसागरात वादळाचं पाणी पसरायला जागा नसते, ते वर चढतं. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनने चक्रीवादळांना 'सायक्लोन' हे नाव दिलं, त्याच्या लिखाणात हे कोरिंगा आहे. २५ नोव्हेंबर १८३९ ला पुन्हा वादळ झालं आणि बंदर पुन्हा उभंच राहिलं नाही. आता तिथं खारफुटीचं जंगल आहे. लाकडी पुलावरून चालताना खालचा काळा चिखल पाहून मी थबकले होते. त्यात थोडी तरी आमच्या शेतातली माती असणारच.

आणि तिथली जहाजं आपल्याकडे यायची होती! इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटनने गोदावरीवर धवळेश्वरमचं धरण बांधलं, त्यानंतर गोदावरी-प्राणहितेतून थेट वर्धेपर्यंत आगबोटी चालवायचा घाट घातला गेला. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, मग इंग्रजांना हिंगणघाटचा कापूस काकिनाड्याला न्यायची घाई झाली. सिरोंचा तेव्हा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, येंचमपल्ली आणि तिसरा आपल्या अहेरी भागातला देवलमरी. दुम्मागुडेमला बांध आणि कालवा झाला. पण १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, कापूस मुंबईच्या वाटेला लागला आणि १८७१ मध्ये हे काम सोडून देण्यात आलं. आबाजींच्या आबाजींनी कापसाची गाडी हिंगणघाटच्या बाजारात नेली असेल तेव्हा ही सगळी खटपट त्यांच्या कानावर तरी आली होती का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

मी हे काकांना सांगितलं. त्यांनी वल्हं थांबवलं.

"जहाज? किती मोठं?"

मी हातवारे करून सांगितलं. ते पाण्याकडे बघत राहिले. "लाकूड जायचं इथून," म्हणाले. "सागाचे ओंडके बांधून राजमंद्रीपर्यंत सोडायचे, जुनी माणसं सांगत. जायचं सोपं हाय. वर यायचं म्हणजे..."

खालच्या अंगाला मेडीगड्ड्याचा बंधारा आहे, २०१९ ला सुरू झालेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. या नदीच्या रेतीवर काही बांधणं किती जोखमीचं आहे, हे मला त्या बातमीनं नव्हे, काकांच्या वल्ह्यानं शिकवलं. खोली मोजायला ते दर दोन मिनिटांनी वल्हं सरळ खाली टोचत होते.

डोंगा काठाशी रुतला. उतरून मी ओली रेती मुठीत घेतली. बारीक, करडी, मधूनच काळे कण. काका म्हणाले, "वरून येते ती. तुमच्याकडून."