तळघरातली हवा

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला हिवाळा नोव्हेंबरात येतो आणि एप्रिलपर्यंत हलत नाही. दारं-खिडक्या घट्ट बंद, हीटर चोवीस तास चालू. अशा दिवसांत पाच वर्षांच्या पोराला बागडायला जागा म्हणजे घराखालचं बेसमेंट. डी मॉइनजवळचं हे घर आम्ही घेतलं तेच मुळी ते ऐसपैस तळघर बघून. खाली गालिचा घातला, लाकडी आगगाडीचे रूळ मांडले, कोपऱ्यात चादरीचा तंबू बांधला. टॉर्नेडोचा भोंगा वाजला की इथे सगळे तळघरात उतरतात. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा आपण लेकाला दिली, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

जानेवारीत त्याच्या वार्षिक तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरातला रेडॉन मोजलाय का?" घर घेताना ही चाचणी ऐच्छिक होती आणि आम्ही ती सोडून दिली होती. रेडॉन म्हणजे माझ्या लेखी आवर्तसारणीत घोकलेलं एक नाव, एवढंच.

त्या रात्री वाचत बसले. मातीत, खडकात थोडंफार युरेनियम असतंच. त्याचा क्षय होत होत रेडियम बनतं आणि रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू. रंग नाही, वास नाही. मोकळ्या हवेत तो विरून जातो, पण बंद, तापवलेलं घर त्याला खालून ओढून घेतं. गरम हवा वर जाऊन छपराकडून निसटते आणि तिची जागा भरायला जमिनीतली हवा फरशीच्या भेगांतून, संपमधून, म्हणजे तळघरातलं पाणी जमवायच्या खड्ड्यातून, आत येते. रेडॉनपासून तयार झालेले पोलोनियमचे अणू श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात आणि तिथेच किरणोत्सर्ग करत राहतात. ना खोकला, ना डोकेदुखी. कर्करोग होतो तो कितीतरी वर्षांनी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार इथे दरवर्षी सुमारे २१,००० माणसं यामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात. सिगारेटच्या खालोखाल हेच कारण. आणि आयोवाच्या सगळ्या, ९९च्या ९९ काउंटी, म्हणजे जिल्हे, सर्वाधिक धोक्याच्या गटात!

घरातल्या रेडॉनकडे या देशाचं लक्ष गेलं ते १९८४च्या डिसेंबरात. पेनसिल्वेनियातल्या अणुवीज प्रकल्पावरचा अभियंता स्टॅनली वॉट्रस कामावर आत येतानाच किरणोत्सर्गाची घंटा वाजायची, आणि प्रकल्प तर अजून सुरूही झाला नव्हता. शोध घेतला तेव्हा किरणोत्सर्ग त्याच्या घरातून येत होता. त्या घरात त्याची लहान मुलंही राहत होती.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून कोळशाची छोटी पुडी असलेला किट आणला. बारा तास आधीपासून घर बंद ठेवायचं, मग सर्वांत खालच्या वापरातल्या खोलीत, जमिनीपासून निदान वीस इंच उंचीवर तो दोन-तीन दिवस ठेवायचा. मी स्टुलावर ठेवला. गालिच्यावर मांडी घालून बसलं की लेकाचं नाक बरोबर तेवढ्याच उंचीवर येतं, हे तेव्हा लक्षात आलं आणि पोटात कालवलं.

प्रयोगशाळेचा निकाल आला ११.४. एकक पिकोक्युरी प्रति लिटर, म्हणजे लिटरभर हवेतला किरणोत्सर्ग. इथे ४ किंवा त्याहून जास्त आलं की दुरुस्ती करा म्हणतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर साधारण २.७ इतकी कमी आहे. आई फोनवर म्हणाली, "अगं, खिडक्या उघड्या ठेवा की!" तिचं चुकत नव्हतं. सांगलीच्या आमच्या घरात सकाळी उघडलेली दारं रात्रीच लागतात. पण इथे बाहेर उणे पंधरा होतं, आणि खिडकी बंद केली की थोड्या वेळात आकडा पुन्हा चढतो.

खेळणी त्याच दिवशी वर आणली. पंधरवड्याने परवानाधारक कारागीर आला. त्याने तळघराच्या काँक्रीटला हातभर रुंद नाही, जेमतेम वीतभर भोक पाडलं, खालची खडी मुठीमुठीने बाहेर काढली, प्लास्टिकचा पाइप बसवून थेट छपरावर नेला आणि त्यावर पंखा लावला. संपच्या खड्ड्यावर घट्ट झाकण बसवलं, भेगा लांबी भरून बुजवल्या. म्हणजे मातीतली हवा घरात शिरण्याआधीच उपसून वर सोडायची. खर्च दीड हजार डॉलरच्या आसपास आला. नंतरच्या चाचणीत आकडा होता ०.९.

माझं तुम्हाला एवढंच कळकळीचं सांगणं आहे: तुमची मुलगी, भाचा, नातवंडं अमेरिकेच्या या भागात राहत असतील, तर पुढच्या फोनवर 'जेवलीस का' याच्या जोडीला 'रेडॉन मोजलात का' हेही विचारा. शेजारच्या घराचा आकडा कमी म्हणून आपला कमी असेल, असं नसतं. नव्या घरांतही तो सापडतो. आयोवाने २०२२मध्ये शाळांच्या चाचणीचा कायदा केला, पण पोरं झोपतात ते घर आपणच मोजायचं.

त्या पाइपवर एक यू आकाराची नळी आहे, रंगीत द्रव भरलेली. दोन्ही बाजू समान झाल्या तर पंखा बंद पडला असं समजायचं. आगगाडी परत खाली गेली आहे. रोज खेळायला बसण्याआधी लेक नळीपाशी जातो, बोट लावून बघतो आणि जिन्याखालून ओरडतो, "आई, एक वर, एक खाली!" मग मी म्हणते, "हं, खेळ."