पोचायला अजून किती?

आमच्या आईकडे नवा सिलेंडर लागला की कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलने फुली पडते आणि ती लगेच सांगून टाकते, अठ्ठावीसला संपणार. बहुतेक वेळा अठ्ठावीसलाच संपतो. चुकतो तो गणपतीत, नाहीतर कोणी न सांगता आठ दिवस राहायला आलं की.

मला हे आठवलं लंडनला लेकीकडे जाताना विमानात. टेकऑफ होऊन जेमतेम दहा मिनिटं झालेली आणि समोरच्या स्क्रीनवर 'पोचायला ९ तास ४१ मिनिटं'. एक्केचाळीस! आपल्याकडे दादरहून ठाण्याला येणारा माणूससुद्धा फोनवर "निघालोय" एवढंच सांगतो, त्याच्या पलीकडचं कोणी बोलायचं धाडस करत नाही.

भाचा को-पायलट आहे. रविवारी जेवायला आला ("मावशी, दोनच पोळ्या हं, वजन वाढलंय") तेव्हा त्याला विचारलंच. म्हणाला, अगं ती एफएमसीची कमाल, फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर. निघायच्या आधी आम्ही त्याला रूट देतो, माणसं आणि सामान धरून वजन किती ते देतो, कुठल्या उंचीवर कसा वारा असेल त्याचा अंदाज देतो, मग तो एकेका टप्प्याचा वेळ आणि इंधन काढत जातो. पण त्यात गंमत अशी की इंधन जळत जातं तसं विमान हलकं होतं, हलकं झालं की कमी जळतं आणि अजून वर जाता येतं, म्हणजे शेवटी वजन किती हे कळायला किती जळलं ते पाहिजे आणि किती जळलं ते कळायला वजन पाहिजे. तो बिचारा गोल गोल फिरून जुळवत बसतो. वर गेल्यावर खरा वारा मोजायला लागतो, मग जवळच्या टप्प्यांसाठी मोजलेला वारा जास्त धरायचा आणि लांबच्यांसाठी अंदाजाचा. तरीच माझी ४१ मिनिटं मध्येच ५२ झाली होती!

आणि एक आकडा असतो, कॉस्ट इंडेक्स. शून्य टाकला तर इंधन वाचवायचं, वेळ लागला तर लागू दे. आकडा वाढवला की जास्त जाळा पण लवकर पोचवा. आमच्या घरात ह्यांचा शून्य आहे, स्टेशनवरून बॅगा घेऊन चालत येणारा माणूस. माझा विचारू नका, मी रिक्षावाली.

पण त्या कॉम्प्युटरला काय माहीत नसतं, ते मला जास्त आवडलं ऐकायला. जुलै २००० मध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावरून जर्मनीत हॅनोव्हरला निघालेल्या एअरबस ए३१० ची चाकं आतच जाईनात. चाकं लोंबत ठेवून उडायचं म्हणजे वाऱ्याचा विरोध प्रचंड, इंधन भसाभसा जळतं, आणि कॉम्प्युटर मात्र चाकं आत आहेत असं धरूनच पुढचा हिशोब सांगत होता. वाटेतल्या व्हिएन्नाच्या रनवेच्या काहीशे मीटर अलीकडे इंधन संपून विमान गवतात उतरलं. सगळे वाचले. आपल्याकडेही २०१७ मध्ये कोलकाता-मुंबई विमानात चाकं आत घ्यायचीच राहून गेली आणि ते नागपूरला उतरवावं लागलं, म्हणजे आमच्या ह्यांच्या गॅरेजच्या लाइटसारखं.

त्याहून भारी कॅनडाचा किस्सा, जुलै १९८३. नवं कोरं बोइंग ७६७, इंधनाचे काटे बंद. हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करताना ०.८ ने गुणायचं तर गुणलं १.७७ ने, तो पौंडांचा आकडा! टाकीत पडलं २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी. कॉम्प्युटरला सांगितलं २२,३०० किलो, तो इमानदारीत त्यातून वजाबाकी करत राहिला, आणि ४१,००० फुटांवर आधी एक इंजिन बंद, मग दुसरंही. कॅप्टन बॉब पिअरसन बिनइंजिनाची ग्लायडर विमानं उडवणारे, म्हणून गिमलीच्या जुन्या हवाई तळावर ते धूड तरंगत आणलं. तिथे त्या दिवशी गाड्यांच्या शर्यती चालू होत्या.

"म्हणून आम्ही प्रत्येक टप्प्यावर खरं इंधन किती उरलंय ते प्लॅनशी ताडून लिहितो," भाचा म्हणाला.

आई इतका वेळ गप्प ऐकत होती. "पण सिलेंडर हलवून नाही का बघितला कोणी?"

"बघितला होता गं आजी, टाकी काडीने मोजली होती. लिटर बरोबर होते. गुणाकार चुकला."

"असं का," आई म्हणाली आणि त्याच्या पानात चौथी पोळी वाढली.