पाय काढला तरी चालतोय!
अर्धा रविवार ट्रॅक्टरखाली गेला. इकडे ओहायोत गवतासाठी सेकंडहँड छोटा ट्रॅक्टर घेतलाय, हायड्रोस्टॅटिक, म्हणजे पंपाच्या तेलाच्या दाबावर चाकं फिरतात, क्लच-गिअरची भानगड नाही, पेडल जेवढं दाबाल तेवढा पळतो नि सोडलं की थांबायला पाहिजे, पण हा पठ्ठ्या मुंगीच्या चालीने सरकतच राहायचा, काल तर शेडच्या दाराला टेकला! वाटलं पंप गेला, आता खिशाला भोक. फोर व्हील ड्राइव्ह बंद करून, पुढची चाकं अडवून मागची जॅकस्टँडवर घेतली, तर पेडलच्या पिनेवर गंज आणि वाळकं गवत. साफ करून ग्रीस दिलं तरी चाक फिरतंच. मग पेडल नि पंप जोडणाऱ्या रॉडचा लॉकनट सैल करून तो रॉड अर्धा अर्धा आटा फिरवत बसलो, जास्त झालं की चाक उलटं फिरायचं. शेवटी गप्प झालं एकदाचं. बायको म्हणे, जेवायला येतोयस की ताट तिथेच आणू?