ला नोचे ला एस्ता

रविवार, रात्री साडेअकरा

आज दिवसभर हे चारच शब्द मनात घोळताहेत. 'ही रात्र' म्हणायला हिब्रूत 'हालायला हाझे' म्हणतात, म्हणजे आधी रात्र, मग 'ही', आणि उपपद दोन्हींना. १४९२ साली स्पेनमधून हाकललेले सेफार्दी ज्यू वल्हांडण सणाच्या रात्री हगादा, म्हणजे त्या सणाची पोथी, वाचताना स्पॅनिश शब्दही त्याच क्रमानं मांडत आले: ला नोचे ला एस्ता. एरवी घरात साधं 'एस्ता नोचे'.

भाषाशास्त्रज्ञ हाइम विदाल सेफिहांनी हा भेद आयुष्यभर लावून धरला. हिब्रूच्या पावलावर पाऊल टाकणारी ती लादिनो. त्यांची आई घरात बोलायची ती ज्यू-स्पॅनिश, निराळी. मोशेच्या पाचव्या पुस्तकाची दोन भाषांतरं, कॉन्स्टँटिनोपलचं १५४७चं आणि फेराराचं १५५३चं, समोर ठेवून त्यांनी प्रबंध लिहिला.

मला आजोबांची पोथी आठवली. 'राजा असा बोलता झाला', 'संतुष्ट होत्साता'. स्वयंपाकघरात असं कुणी बोलत नसे, पण पोथी उघडली की हीच मराठी हवी. तिच्यातून मागची संस्कृत ऐकू यायची. अशा भाषांतराला मी आजवर बोजडच म्हणत आले. चुकलंच माझं.

सेफिहा १९२३ साली ब्रसेल्सला जन्मले, घराणं इस्तंबूलचं. १९४३मध्ये आउशवित्झच्या नाझी छळछावणीत रवानगी. एप्रिल १९४५मध्ये बर्गन-बेल्सनच्या छावणीतून सुटका. शिक्षण रसायनशास्त्राचं, पण आई गेल्यावर ते सोडून तिच्या भाषेकडे वळले. इथं मी पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. आईचा आवाज शोधायला माणूस व्याकरणात शिरतो, हे मला अगदी आतून पटलं.

आउशवित्झचाच भाग असलेल्या बिर्केनाउच्या स्मारकावर कितीतरी भाषांतल्या शिला होत्या, पण ज्यू-स्पॅनिश नव्हती. ग्रीसमधल्या एकट्या सलोनिका शहरातून हजारो ज्यू तिथं नेले गेले होते, हीच भाषा बोलणारे. सेफिहा आणि त्यांचे सहकारी मागे लागले, आणि २४ मार्च २००३ला ती शिला बसली.

मजकूर 'के एस्ते लुगार' असा सुरू होतो: 'हे ठिकाण'. आधी 'हे', मग ठिकाण. घरात बोलत तसंच.