आमची वाटचाल: अंजिराच्या जॅमपासून तिखट चटणीपर्यंत

आमच्या व्यवसायाची सुरुवात ताज्या अंजिराच्या जॅमने झाली. फळ मुळातच गोड आणि मऊ, त्यामुळे काम सोपं वाटतं. पण अंजिरात आंबटपणा फारच कमी. तो वरून घातला नाही तर जॅम गुळमट लागतो, धड आळत नाही आणि टिकायची खात्रीही राहत नाही.

आमचं प्रमाण असं: एक किलो गर, ६०० ग्रॅम साखर, ५० मिली लिंबाचा रस. निम्मा रस सुरुवातीलाच, उरलेला उतरवायच्या थोडं आधी. साखर विरघळेपर्यंत आच मंद, मग मोठी आणि दाटपणा आला की पुन्हा मंद, कारण गर तळाला धरतो आणि करपलेला वास कशानेच जात नाही. १०५ अंश सेल्सिअसला भांडं उतरवायचं. हा आकडा समुद्रसपाटीचा. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून तिथे आधी पाण्याचा उत्कलनबिंदू मोजून त्यात साडेचार-पाच अंश मिळवावेत. रिफ्रॅक्टोमीटर (साखरेचं प्रमाण मोजणारं उपकरण) असेल तर ६५ ब्रिक्स, म्हणजे साधारण ६५ टक्के साखर. एवढ्या मालाचा साधारण सव्वा किलो जॅम होतो. दीड किलो भरला तर पाणी आटलेलं नाही, बुरशी ठरलेली.

माल घेताना एक पक्कं: झाडावरून उतरवलेलं अंजीर मऊ पडतं, गोड होत नाही. तयार फळाची मान लवते, सालीवर बारीक चिरा दिसतात, देठातून पांढरा चीक येत नाही. बुडाशी असलेल्या डोळ्यातून रस पाझरत असेल आणि आंबूस वास येत असेल तर फळ आतून आंबलेलं असतं. आम्ही ते बाजूलाच काढतो, शिजवूनही चव सुधारत नाही. चांगलं फळसुद्धा फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसच, आणि धुवायचं ते वापरायच्या वेळी.

पुढे आइस्क्रीमसाठी गर द्यायला लागलो आणि चिकाशी गाठ पडली. त्यात फिसिन नावाचं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. न शिजवलेला गर दुधात घातला की दूध फाटतं, नाहीतर हळूहळू कडवट होतं. जिलेटिनही त्यामुळे सेट होत नाही. अगार (समुद्री शेवाळापासूनचा जेलीचा पदार्थ) मात्र होतं, कारण जिलेटिनसारखं ते प्रथिन नाही. उपाय साधा आहे: गराला चार-पाच मिनिटं खळखळून उकळी द्या, पूर्ण गार करा, मगच दुधात मिसळा. कच्ची फळं हाताळताना हातमोजे घाला, चिकाने कातडी चुरचुरते.

तिखटाकडे वळलो ते चटणीने, आणि माझ्या मते अंजीर खरं खुलतं ते इथेच. एक किलो चिरलेली अंजिरं, २५० ग्रॅम कांदा, ३०० ग्रॅम साखर, पाच टक्क्यांचं २५० मिली व्हिनेगर, २० ग्रॅम आलं, १५ ग्रॅम मीठ, मोहरी आणि सुकी मिरची. कांदा आधी व्हिनेगरमध्ये मऊ करून घ्यायचा. साखर पडल्यावर तो शिजायला फार वेळ घेतो. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं नको. पाऊण तास ते तासभर, अधूनमधून ढवळत. डाव तळावरून ओढला की वाट क्षणभर मोकळी राहिली पाहिजे. गार झाल्यावर चटणी आणखी दाटते, तेव्हा आधीच थांबा. ताजी चटणी व्हिनेगरने झोंबते, तीन-चार आठवड्यांनी चव एकजीव होते.

भाजलेली अंजिरं त्यानंतर आली. उभे दोन भाग, कापलेली बाजू वर, तेलाचा हात, मीठ, मिरपूड. २०० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. ट्रेमध्ये गर्दी केली तर ती भाजत नाहीत, वाफवली जातात. खारट चीजबरोबर उत्तम.

हीच अंजिरं तेलात बुडवून बाटलीत द्या, अशी मागणी सतत येते. ती आम्ही घेत नाही. आम्लता कमी, त्यात तेलाखाली हवा नाही. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला एवढं पुरतं, आणि बाटली बघून काहीच कळत नाही. त्याऐवजी ट्रेवर सुटी गोठवून उणे १८ अंशांत ठेवलेली देतो. ती न वितळवता थेट गरम ओव्हनमध्ये घालावीत, आधी वितळवली तर सगळा रस ताटात उतरतो.